जगाखालचे मस्तक

दिनांक ९ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रपतिभवनात पद्म पुरस्कारांच्या प्रदानाचा समारंभ चालू असता मंजम्मा जोगती यांचे नाव पुकारले गेले. त्या पुढे आल्या, आणि तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हातून पद्मश्री स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आपल्या पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली. शिष्टाचाराच्या कोणत्याही पुस्तकात न बसणारी ती कृती देशाने पाहिली, आणि कौतुकाने पुन्हा पुन्हा पाहिली. मीही पाहिली. दृष्ट काढण्याची ती रीत आमच्या सीमाभागातील कोणत्याही घरातली आहे. लेक सासरी निघाली म्हणजे आजी जे करते तेच ते. त्यानंतरच्या आठवड्यात जे लेख माझ्या वाचनात आले त्यांत मंजम्मांचे हाल होते, त्यांची जिद्द होती, त्या कोणकोणत्या बाबतीत पहिल्या ठरल्या याचा हिशेब होता. त्या नाचतात कशा, हे मात्र एकाही लेखात नव्हते. वास्तविक पुरस्कार मिळाला होता तो नृत्यासाठी.

या लेखाचा विषय मंजम्मांचे चरित्र हा नव्हे. पारलिंगी, समलिंगी आणि आज ज्यांना क्विअर या एका नावाखाली ओळखले जाते अशा कलावंतांना व तरुणांना आधार देण्यासाठी गेल्या तीस वर्षांत आपल्या देशात ज्या सेवाभावी संस्था उभ्या राहिल्या, त्यांच्या कार्याकडे टीकाकाराच्या दृष्टीने पाहावे, एवढाच हेतू आहे. (क्विअर हा इंग्रजीत एके काळी हेटाळणीचा शब्द होता. ज्यांच्या अंगावर तो फेकला जाई त्यांनीच तो उचलून आपले नाव म्हणून धारण केला. अशी उदाहरणे आपल्या संतवाङ्मयाच्या वाचकाला अपरिचित नसावीत.) संस्था हा टीकेचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारील. माझा व्यवसाय वकिलीचा. न्यासपत्रे आणि संस्थांच्या घटना लिहून देणे हा त्यातील नित्याचा भाग. घटनेतील उद्दिष्टांचे कलम मी कवितेइतक्याच बारकाईने वाचतो. कारण माणसे दुसऱ्या माणसाकडे कोणत्या दृष्टीने पाहतात हे त्या कलमात जसे उघडे पडते तसे भाषणांत पडत नाही.

सौंदत्तीचा डोंगर आमच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. मार्गशीर्षातली रांडाव पुनव आणि माघातली अहेव पुनव या दोन यात्रांना कोल्हापूर, सांगली, बेळगाव, धारवाड या मुलखांतून माणसे लोटतात. ‘उदे गं आई उदे’च्या गजरात भंडाऱ्याने माखलेल्या वाटेवर जोगती आणि जोगते डोक्यावर जग घेऊन चालत असतात. जग म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली, लुगड्याने व मोरपिसांनी सजवलेली टोपली. जो जोगता नेसून-सवरून बाईच्या वेषात वावरतो, ज्याला कानडीत जोगप्पा म्हणतात, त्याच्याकडे गावात एरवी कोणी धड पाहात नाही. परंतु डोक्यावर जग असेतोवर त्याच्या पायांवर पाणी घातले जाते, सवाष्णी त्याच्या पाया पडतात. जग खाली उतरला की मान संपला. नमस्कार होता तो जगाला. त्याखालच्या मस्तकाला नव्हे. हे मी देवस्थानांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. उलट असे की, ज्या माणसांना समाजाच्या इतर कोणत्याही दारातून आत येता आले नाही त्यांच्यासाठी एक दार शेकडो वर्षे उघडे राहिले ते देवीचेच. पण त्या दारातून आत जाताना माणसाला आपले माणूसपण उंबऱ्याबाहेर ठेवावे लागे, हेही तितकेच खरे आहे. आजच्या सेवाभावी संस्थांविषयी मला जे म्हणावयाचे आहे त्याचे मूळ या दृश्यात आहे.

प्रथम नृत्याविषयी. जोगती नृत्यात नर्तिकेच्या डोक्यावर देवीचा मुखवटा बसवलेली सजवलेली घागर असते. ती हाताने धरावयाची नाही. या एका निर्बंधातून त्या नृत्याचे सारे व्याकरण निर्माण होते. मस्तक आणि मान स्थिर राहिली पाहिजे. म्हणजे आपल्या अभिजात नृत्यांत जे काम ग्रीवा आणि दृष्टी करतात त्याचा मोठा भाग येथे बादच होतो. तो सारा भार कमरेखाली उतरतो. गुडघे सतत किंचित वाकलेले, पाऊल जमिनीला चिकटून घसरल्यासारखे पडते, आणि लय द्रुत होऊ लागली की खांद्यापासून वर सारे निश्चल व खांद्यापासून खाली सारे चंचल असे एक विलक्षण चित्र दिसते. साथीला चौंडके असते. एका तोंडाला चामडे मढवलेल्या पोकळ लाकडी नळकांड्यातून तात ओवून ती ताणीत-सैल सोडीत छेडावयाची, हे ते वाद्य. त्याचा स्वर स्थिर नसतो. तो कण्हतो, घसरतो, प्रश्न विचारल्यासारखा वर चढतो. तुणतुणे मात्र एकाच स्वरावर हट्टाने टिकून असते. चौंडक्याचे हेलकावे आणि घागरीची निश्चलता यांचा विरोध हा या कलेचा प्राण आहे. मंजम्मांच्या नृत्याच्या ज्या चित्रफिती मी पाहिल्या त्यांत हा विरोध त्या फार संयमाने सांभाळतात. दुसऱ्या कित्येक नर्तिका लय वाढताच प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी कसरतीकडे वळतात; मंजम्मा वळत नाहीत. यल्लम्माची कथा सांगताना त्या देवीही होतात आणि देवीपुढे पदर पसरणारी बाईही होतात, व एकीतून दुसरीत जाताना केवळ खांद्याची ठेवण बदलते. उणेही दाखवले पाहिजे. मोठ्या रंगमंचावर आणि दिव्यांच्या झोतात हे नृत्य फिके पडते. जत्रेच्या रिंगणात प्रेक्षक चहूंकडे असतात, येथे ते एकाच बाजूला असतात, आणि ही अडचण अजून सुटलेली नाही. असे काही तरी त्या पुरस्कारानंतर कोणी लिहावयास हवे होते, एवढीच माझी तक्रार.

मंजम्मांनी आपली हकिकत कानडी आत्मकथनात आणि २०२३ साली आलेल्या इंग्रजी पुस्तकात सांगितलेली आहे. बळ्ळारी जिल्ह्यातील कल्लुकंब हे त्यांचे गाव. पाळण्यातले नाव मंजुनाथ. शिक्षण दहावीपर्यंत झाले. मुलाचे वागणे मुलीसारखे आहे असे दिसून आल्यावर घरच्यांनी त्याला होस्पेटजवळच्या हुलिगेम्माच्या देवळात नेले. तेथे कडदोरा तोडला, बांगड्या भरल्या, आणि मुलगा देवीचा झाला. घरच्यांच्या दृष्टीने तो गेलाच. पुढे विषप्राशनाचा प्रयत्न, रस्त्यावर भीक, लुबाडणूक, अत्याचार. मरणाचा विचार मनात असतानाच दावणगिरीच्या बसस्थानकावर त्यांना एक बाप गाताना आणि त्याचा मुलगा डोक्यावर घागर घेऊन नाचताना दिसला. मंजम्मांनी त्या बापाकडे शिकवणी मागितली. पुढे हगरीबोम्मनहळ्ळीच्या काळव्वा जोगतींच्या मेळ्यात त्यांना जागा मिळाली, आणि काळव्वांच्या पश्चात तो मेळा त्यांनी चालवला. २०१० मध्ये राज्योत्सव पुरस्कार, २०१९ मध्ये कर्नाटक जानपद अकादमीचे अध्यक्षपद आणि मग पद्मश्री, असा हा क्रम आहे.

या हकिकतीत मला वकील म्हणून जे दिसते ते असे. मंजम्मांना वाचवले ते कोणी? जन्मघराने नव्हे, देवळाने नव्हे, सरकारने तर नव्हेच. वाचवले एका मेळ्याने, म्हणजे एका गुरूच्या घराने. आता कायद्याकडे पाहा. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी व्यक्तीला आपली ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांवरील फौजदारी बालंट दूर झाले. त्यानंतर २०१९ मध्ये पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. त्याने कुटुंबाची व्याख्या केली ती रक्ताने, विवाहाने किंवा दत्तकाने जोडलेल्या माणसांचा समूह अशी. आणि मूल आईबापांना सांभाळता येत नसेल तर न्यायालयाने त्याला पुनर्वसन केंद्रात पाठवावे असे म्हटले. म्हणजे कायदेकर्त्यांच्या डोळ्यांपुढे घरे दोनच होती: एक ज्याने बाहेर काढले ते, आणि दुसरे सरकारी पाटी लावलेले. काळव्वांचे घर त्या कलमात कोठेच नाही. मसुदा लिहिणाराच्या हेतूविषयी मी शंका घेत नाही. परंतु ज्या एका गोष्टीने एक जीव आणि एक कला दोन्ही वाचली ती मसुद्यातून निसटावी, हे योगायोगाने घडत नाही. मसुदा लिहिणाराला जग दिसत होता.

ललित वाङ्मयात तरी याहून बरी दृष्टी आहे काय? मराठीत या विषयावरचे सर्वांत गाजलेले काम म्हणजे २००९ साली पडद्यावर आलेला राजीव पाटील यांचा ‘जोगवा’. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या व चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा त्याच्या मुळाशी आहेत. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तायप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना मिळालेला पुरस्कार सर्वथा योग्य होता. लुगडे नेसवलेल्या पुरुषाची चाल, बोलणे, अवघडलेपण त्यांनी इतके नेमके टिपले आहे की पाहणाराला आपल्याच अंगावरचे वस्त्र जड वाटू लागते. अजय-अतुल यांच्या संगीताविषयी तर बोलावयासच नको. जत्रेचा नाद त्यांनी शहरातल्या कानांपर्यंत जसाच्या तसा पोचवला. परंतु चित्रपटाची मांडणी कशावर उभी आहे ते पाहिले पाहिजे. तायप्पा हा मुळात पुरुषच आहे. आजाराला देवीचा कौल समजून त्याच्यावर लुगडे लादले गेले आहे. म्हणून लुगडे फेडणे ही त्याची मुक्ती, आणि चित्रपट त्या मुक्तीकडे चालत जातो. जुलमाच्या रूढीविरुद्धचे हे कथन खरे आहे, आवश्यकही होते. पण त्याच डोंगरावर, त्याच रांगेत, दुसराही एक माणूस बसलेला असतो, ज्याला लुगडे लादलेले वाटत नाही. उलट जन्मभर अंगावर लादलेली विजार फेडल्याचे सुख त्याला त्या लुगड्यात मिळालेले असते. ‘जोगवा’ त्या माणसाकडे पाहात नाही. पाहिले असते तर प्रश्न अवघड झाला असता: रूढी गेली पाहिजे हे खरे, पण रूढीबरोबर त्या माणसाची एकमेव जागाही जाते, मग तो कोठे जाईल? देवदासी प्रथेविरुद्धचे कायदे कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली झाले; ते झाले ते उत्तमच झाले. या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी त्यांनी घेतली नव्हती. ती सेवाभावी संस्थांच्या वाट्याला आली.

आणि येथे मला त्यांच्या भाषेविषयी बोलावे लागते. अलीकडच्या घटनापत्रांत, अर्जांत आणि अहवालांत एक शब्द माजला आहे: लाभार्थी. संस्थेपुढे आलेला गायक असो, चित्रकार असो, घरातून हाकललेला अठरा वर्षांचा पोर असो, अहवालात तो लाभार्थी होतो. इतके लाभार्थी, इतकी शिबिरे, इतक्या कार्यशाळा. बडोद्याच्या मराठी वाचकांना आठवण करून देण्याची गरज नाही की, सयाजीराव महाराजांच्या राज्यात कलावंतांचे एक स्वतंत्र खाते होते आणि त्याला छापील नियम होते. पगार होता, हजेरी होती, रजा होती, कसूर केल्यास दंडही होता. त्या नियमांचा काच कलावंतांना झाला असेलच. दरबारी शिस्त आणि गवयाचा स्वभाव यांचे कोठे जमले आहे? पण दंड करणारा निदान एवढे मानतो की, समोरच्याकडून काही काम अपेक्षित आहे. लाभार्थ्याकडून कोणी काहीच अपेक्षीत नाही. त्याने फक्त घ्यावयाचे, आणि घेतानाचे छायाचित्र काढू द्यावयाचे.

त्याच बडोद्यात २५ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारच्या ‘गरिमा गृह’ योजनेतील निवारागृहाचे उद्घाटन झाले. ते चालवण्याचे काम लक्ष्य ट्रस्ट या पारलिंगी व समलिंगी समाजात दीर्घकाळ काम करणाऱ्या संस्थेकडे देण्यात आले. अशा प्रत्येक गृहात किमान पंचवीस जणांची राहण्याची, जेवणाची, औषधोपचाराची सोय आणि काही हुन्नर शिकवणे अशी योजना होती. मी याचे मनापासून स्वागत करतो. छप्पर ही पहिली गोष्ट आहे आणि तिच्यावाचून बाकी सारे पोकळ आहे. पण हुन्नर म्हणजे शिवण, केशकर्तन, सौंदर्यप्रसाधन असा जो एक ठरलेला अर्थ अशा योजनांतून होऊ लागतो तो मला खटकतो. जिला गळा आहे तिला सुईच का द्यावी? ज्या नगरीत मौलाबक्षांनी गायनशाळा चालवली आणि फैयाजखाँ दरबारी गवई होते, त्या नगरीला हा प्रश्न विचारण्यास हरकत नसावी.

पैशाची गोष्ट निराळीच आहे, आणि ती सांगितल्यावाचून संस्थांना दोष देणे अन्यायाचे होईल. खेड्यातल्या दहा-बारा जणांच्या मंडळाला थेट परदेशी देणगी मिळणे दुरापास्त. त्यासाठी लागणारी नोंदणी, हिशेबतपासनीस, कागदपत्रे यांचा भार त्याला पेलत नाही. म्हणून शहरातली मोठी संस्था देणगी घेई आणि तीतला वाटा लहान मंडळांना पोचवी. २०२० साली परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा वाटा दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी आली. शिवाय व्यवस्थापनखर्चाची मर्यादा निम्म्यावरून शेकडा वीसवर आली. कायद्याचा उद्देश हिशेबाच्या पारदर्शकतेचा सांगितला गेला. त्याचा भार मात्र सर्वांत अधिक पडला तो साखळीच्या शेवटच्या कडीवर. दुसरा मार्ग कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या शेकडा दोन समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले, आणि त्या कार्यांच्या यादीत कला व संस्कृतीचे संवर्धनही आहे. हा पैसा येतो, पण तो वर्षाच्या हिशेबाने येतो आणि दिसेल अशा कामाकडे जातो. मेळ्यातल्या म्हाताऱ्या चौंडकेवाल्याला दरमहा काही देणे हे काम दिसत नाही. राज्य सरकारे वृद्ध कलावंतांना मानधन देतात हे खरे. पण पारलिंगी माणसाला घरातून काढतात ते पंधराव्या-सोळाव्या वर्षी. मधल्या चाळीस वर्षांची तरतूद कोणत्याच खात्यात नाही. पद्म पुरस्काराबरोबर तर रोख रक्कम नसतेच.

जे दिसते त्याचे उदाहरण म्हणून बंगळूरच्या ‘अरवानी आर्ट प्रोजेक्ट’कडे पाहू. पूर्णिमा सुकुमार यांनी २०१६ साली सुरू केलेल्या या मंडळात पारलिंगी स्त्रिया एकत्र येऊन शहरांच्या भिंतींवर मोठमोठी चित्रे रंगवतात. बंगळूरच्या कृष्णराजेंद्र बाजाराजवळ, मुंबईत धारावीत त्यांची कामे झाली. २०२४ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांचे भित्तिचित्र होते. यात मला विशेष मोल वाटते ते जागेच्या निवडीचे. ज्या रस्त्यावर ज्या स्त्रीला हटकले जाते, त्याच रस्त्यावर ती परांचीवर चढून दिवसभर काम करते, आणि येणारा-जाणारा मान वर करून पाहतो. ही घटना चित्राच्या आधी घडते आणि चित्राहून मोठी असते. चित्रांविषयी बोलावयाचे तर सपाट, धीट रंग, फुलांच्या चौकटीत बसवलेले भव्य चेहरे आणि पाहणाऱ्यावर रोखलेली नजर ही त्यांची लकब आहे. दुरून ती तत्काळ पोचते. पण अनेक कामे एकापाठोपाठ पाहिली की चेहरा बदलला तरी नजर तीच, भिंत बदलली तरी फूल तेच, असे वाटू लागते. समूहाने रंगवलेल्या चित्रात एकेकीचा हात कोठे संपतो आणि दुसरीचा कोठे सुरू होतो हे दिसू दिले तर ही चित्रे पुढच्या पायरीवर जातील. हे मी लिहितो ते त्या स्त्रियांना चित्रकार मानतो म्हणून. त्यांना केवळ पीडित मानले असते तर सगळीच चित्रे सुंदर आहेत असे म्हणून मोकळा झालो असतो. दयेने केलेली स्तुती ही नाकारण्याचीच एक सभ्य रीत आहे. कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनी जोगप्पांच्या बरोबर एकाच मंचावर बसून केलेल्या मैफलींच्या बाबतीतही मला हेच आढळले: मी वाचलेल्या परीक्षणांत कृष्णांच्या धाडसाची चर्चा पुष्कळ, जोगप्पांच्या आवाजाची लागण, त्यांच्या पदांची बांधणी यांची जवळजवळ नाही.

आमच्या व्याख्यानांतून या विषयाचा उल्लेख निघाला की बालगंधर्वांचे नाव हटकून येते. आपला समाज किती उदार होता पाहा, असे म्हटले जाते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्राने जीव टाकला यात संशय नाही. पण पडदा पडला की ते नारायणराव होत, आणि त्या खात्रीवरच ते प्रेम उभे होते. ज्याचा पडदा पडत नाही अशा माणसावर प्रेम करण्याची परीक्षा त्या प्रेक्षकाने दिलेली नव्हती.

गोमंतकातल्या वाचकांपाशी याहून जवळचा दाखला आहे. देवळाच्या सेवेशी जखडलेल्या आपल्या कलावंत समाजाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःची संस्था उभारली. राजाराम पैंगीणकर यांच्यासारख्या माणसांनी ‘मी कोण?’ हा प्रश्न विचारीत शेंसविधीसारख्या रूढींविरुद्ध लढा दिला आणि मुलामुलींना शाळेत घातले. पुढे काय झाले ते आपण जाणतो. आज केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर यांचे ध्वनिमुद्रण ऐकताना कोणी त्यांची कीव करीत नाही. आपण त्यांच्या लयीविषयी भांडतो, अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीतले कोणाकडे काय आले याची चर्चा करतो. म्हणजे जग उतरला आणि मस्तक राहिले. हे घडले याचे एक कारण असे की, त्या संस्थेच्या घटनेत उद्दिष्टे लिहिणारे हात त्याच समाजाचे होते. परंतु हा दाखला जसाच्या तसा लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. कलावंताच्या मुलीला परत येण्यासाठी आईचे घर होते; गळाही त्याच घरात तयार होई. जोगप्पाला आईचे घर हेच नाही. त्याच्या संस्थेला समाज होण्याआधी घर व्हावे लागते.

मोठ्या शहरांतल्या तरुणांची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट चालवला आणि त्याच वेळी ‘पार्टनर’सारखी कादंबरी मराठीत लिहून आईबापांच्या हाती देण्याजोगे एक साधन निर्माण केले. वाङ्मयगुणांत ती कादंबरी साधी आहे. पण मुलाने गुपचूप टेबलावर ठेवून जावे अशी पुस्तके मराठीत किती आहेत? त्यावर अधिक लिहिण्याचे हे स्थळ नव्हे.

गेल्या वर्षी सीमाभागातील एका गावाहून एक पारलिंगी गायिका माझ्या कचेरीत आली. आठ जणींचा मेळा होता; चौंडके, तुणतुणे, झांज आणि पदांची दोन वह्या भरतील एवढी शिदोरी. त्यांना संस्था नोंदवावयाची होती. नोंदणीस सात सभासद लागतात, त्या आठ होत्या, तेव्हा अडचण नव्हती. मी नित्याच्या सवयीने उद्दिष्टांच्या कलमात ‘कल्याण व पुनर्वसन’ असे शब्द घातले, कारण देणगीदारांना ते ओळखीचे असतात. तिने मसुदा वाचून घेतला आणि पुनर्वसन म्हणजे काय ते विचारले. मी सांगितले. ती म्हणाली, “वकीलसाहेब, आमी कुटं उठून गेलो नाही. गाणं शिकवायचं आहे, एवढंच लिवा.” ते शब्द मी काढले. पहिले उद्दिष्ट आता ‘यल्लम्माची पदे व चौंडक्याची साथ शिकवणे’ असे आहे, आणि तिच्या आग्रहाने त्यापुढे ‘शिकणारास राहण्यास जागा देणे’ असे आहे.

अडले ते कार्यालयाच्या पत्त्यापाशी. नोंदणीच्या अर्जात पत्ता द्यावा लागतो आणि मालकाचे संमतिपत्र जोडावे लागते. तीन घरमालकांनी नकार दिला. एका देवस्थानाच्या अग्रशाळेतल्या खोल्या यात्रेचे आठ दिवस वगळता कुलूपबंद असतात. तेथील समितीकडे मी स्वतः शब्द टाकला. सभासद मंडळी सज्जन आहेत, मला चहा दिला. उत्सवात मेळ्याला अवश्य बोलावू, बिदागीही योग्य देऊ, पण पत्ता मात्र देता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. अखेर अर्जावर माझ्याच कचेरीचा पत्ता घातला, आणि नोंदणी झाली.

त्या पत्त्यावर संस्थेच्या नावे पहिले पत्र आले ते जत्रेच्या निमंत्रणाचे. तारीख, वेळ, बिदागीचा आकडा सारे व्यवस्थित होते. शेवटच्या ओळीत लिहिले होते, मंडळींनी उतरण्याची सोय आपापली करावी.